थोड्या पाण्यातले मासे

नव्या फिश टँकची गोष्ट बहुतेक घरांत सारखीच घडते. काच लखलखीत, पाणी नितळ, तळाला रंगीत खडे आणि मुलांनी हट्टाने आणलेले आठ-दहा मासे. चार-पाच दिवस सगळं छान चालतं. मग एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो, दुसरा कोपऱ्यात पर मिटून बसतो आणि दीड आठवड्यात निम्मे मासे जातात. पाणी मात्र अजूनही नितळच असतं. उलट गावाकडच्या पाझर तलावात म्हशी डुंबतात, पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत आणि तिथे मासे पिढ्यान्‌पिढ्या वाढतात.

म्हणजे पाणी स्वच्छ दिसणं वेगळं आणि त्यात मासा जगणं वेगळं. टाकीतला मासा ज्याने मरतो ते डोळ्यांना दिसत नाही आणि कुठल्याही कापडातून गाळलं जात नाही.

यावर दुकानात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "पाणी बदलत राहा". लातुरात तो सल्ला पाळायचा कसा? मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी होतं पाच लाख लिटर. बरे पावसाळे आले तरी नळाच्या पाळ्या, टँकर आणि बोअर यांचं गणित इथल्या घरांना सुटलेलं नाही. अशा ठिकाणी मासे पाळायचे तर तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता आलं पाहिजे. ते काम फिल्टर करतो. तो घरी बनवता येतो, आणि घरी बनवलेला फिल्टर आपल्या गावच्या पाण्याला आणि विजेला साजेसा करता येतो. माझ्या मते पैशांच्या बचतीपेक्षा हा फायदा मोठा आहे.

पाण्यात साठतं काय?

मासा खातो ते खाद्य मुख्यतः प्रथिनांचं असतं. प्रथिनं पचली की त्यातला जादा नायट्रोजन बाहेर टाकावा लागतो. माणूस तो युरियाच्या रूपाने लघवीवाटे टाकतो. गोड्या पाण्यातला मासा तो अमोनियाच्या रूपाने, बराचसा कल्ल्यांमधूनच, थेट पाण्यात सोडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की तिचाही अमोनियाच होतो.

किती होतो, याचा हिशेब सोपा आहे. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद टाकीत ३० सेंटिमीटरपर्यंत पाणी भरलं तर ते ५४ लिटर होतं. खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिनं धरा. प्रथिनांच्या वजनात १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे रोजच्या एक ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन पाण्यात आला, तरी रोज लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमची भर पडते. तिसऱ्या दिवशी हा आकडा १.८ होतो.

आता यात एक मेख आहे आणि ती लातूरकराने नीट समजून घ्यावी. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित, त्याला अमोनियम म्हणतात. तो तुलनेने निरुपद्रवी. दुसरा भाररहित, तो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि विषारी ठरतो. कुठलं रूप किती, हे पाण्याच्या सामूवर ठरतं. माती परीक्षणाच्या कागदावर जो सामू लिहिलेला असतो तोच हा: ७ म्हणजे उदासीन, त्यावर विम्ल, खाली आम्ल. सामू ७ आणि तापमान ३० अंश असेल तर एकूण अमोनियातला एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो. सामू ८.३ झाला की तो १४ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे तिसऱ्या दिवसाचा तोच १.८ मिलिग्रॅम, पण उदासीन पाण्यात त्यातला घातक भाग जेमतेम ०.०१५, आणि विम्ल पाण्यात पाव मिलिग्रॅम. ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा सुरू होते.

बसाल्टच्या काळ्या खडकातून येणारं आपलं बोअरचं पाणी जड आणि बहुधा विम्ल असतं. बादलीला आणि गिझरच्या कॉइलला बसणारा पांढरा थर तेच सांगतो. वर एप्रिल-मेमध्ये घरातलं पाणीसुद्धा ३० अंशांच्या पुढे जातं. तेवढाच अमोनिया सौम्य पाण्याच्या गावात मासा सोसेल, इथे सोसणार नाही.

वाळूच्या नळीतले वीस दिवस

अमोनियाचं पुढे काय होतं, हे १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांनी एका उभ्या नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी अगदी हळू सोडलं. सुमारे वीस दिवस खालून अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग अमोनिया कमी होऊन नायट्रेट येऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे थांबलं. म्हणजे काम वाळूचं नव्हतं, वाळूवर वाढलेल्या जिवांचं होतं. आपण आज डब्यात खापऱ्या भरून जे करतो ते तत्त्वतः या नळीहून वेगळं नाही. ते वीस दिवसही आपल्याला चुकत नाहीत.

मला या इतिहासातला बाप-लेकांचा योग फार आवडतो. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये काचेच्या टाकीत मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता ते सगळे जगवता येतात, हे मांडलं. आजच्या घरगुती टाकीची ती सुरुवात. त्यांच्याच नावाच्या मुलाने पुढे रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीतल्या नायट्रेटचा अभ्यास केला आणि अमोनियाचं नायट्रेट होण्याचं हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जिवाणूंकडून होतं, हे दाखवलं. १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्‌स्की यांनी ते जिवाणू वेगळे करून वाढवले.

पहिल्या टप्प्यात अमोनियाचं नायट्राइट होतं. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही, रक्त तपकिरी पडतं आणि भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. दुसऱ्या टप्प्यात नायट्राइटचं नायट्रेट होतं आणि ते बऱ्याच प्रमाणापर्यंत चालतं. दोन्ही टप्पे एकाच पेशीत पुरे करणारा जिवाणूही असतो, हे २०१५ मध्ये कळलं, आणि तो सापडला त्या ठिकाणांपैकी एक होतं मासे वाढवण्याच्या टाक्यांना जोडलेला फिल्टर.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते पृष्ठभागाला धरून राहतात. रांजणाच्या आतून बोट फिरवलं की लागणारा बुळबुळीत थर अशाच सूक्ष्मजीवांचा. त्यांना तीन गोष्टी लागतात: बसायला जागा, सतत वाहणारं पाणी आणि प्राणवायू. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला त्यांना साडेचार मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू लागतो. आणि त्यांची वाढ फार मंद असते. दूध विरजायला थोडं जुनं दही लागतं, तसं नव्या फिल्टरला जुन्या, चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मिळाला तर काम लवकर सुरू होतं. विरजण नसेल तर हवेतून, पाण्यातून, झाडांवरून आलेल्या मोजक्या जिवाणूंवर भिस्त ठेवून महिनाभर थांबावं लागतं. दही उकळत्या दुधात टाकलं तर लागत नाही. इथे उकळत्या दुधाचं काम क्लोरीन करतं. नळाखाली स्पंज खळखळून धुणाऱ्याचे मासे आठवड्याने का आजारी पडतात, त्याचं उत्तर हे.

वीज गेली तर?

फिल्टर कुठल्या प्रकारचा बनवावा, हे ठरवताना मी पहिल्यांदा भारनियमन बघेन, किंमत नंतर. बाजारात बंद डब्याचे फिल्टर मिळतात. पाणी नळीने आत जातं, पंपाने बाहेर येतं. चोवीस तास वीज असेल तर ते उत्तम. पण वीज गेली की बंद डब्यातलं पाणी थांबतं. आतले जिवाणू त्यातला प्राणवायू काही तासांत संपवतात, गाळ सडू लागतो आणि वीज परत आली की ते घाण पाणी थेट माशांवर ओतलं जातं. उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं, कारण २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात.

म्हणून आपल्याकडे टाकीच्या वर ठेवायचा, उघडा, ठिबकणारा फिल्टर बरा. पंप पाणी वर चढवतो, ते खापऱ्यांवरून झिरपत पुन्हा टाकीत पडतं. वीज गेली की सगळं पाणी खाली निथळतं आणि खापऱ्या ओल्या राहून मोकळ्या हवेत श्वास घेत राहतात. चार-सहा तासांत त्यांचं काही बिघडत नाही. चालू असतानाही पाण्याचा पातळ थर हवेतून जात असल्यामुळे प्राणवायू आपोआप मिसळतो.

डबा, नळी, खापऱ्या

टाकीच्या रुंदीवर आडवा बसेल असा, पाच-सहा लिटरचा, अन्नासाठीच्या प्लॅस्टिकचा चौकोनी डबा घ्या. तळाला तापवलेल्या खिळ्याने तीन-चार मिलिमीटरची भोकं पाडा; टाकीच्या काठाबाहेर जो भाग येईल तिथे एकही नको. हे काम मोकळ्या हवेत करावं, प्लॅस्टिकचा धूर चांगला नसतो. डब्याच्या आतल्या बाजूच्या भिंतीला, म्हणजे जी टाकीच्या पाण्यावर येते तिला, वरच्या काठापासून दोन सेंटिमीटर खाली एक मोठी खाच पाडा. ही खाच कधीही विसरू नये. स्पंज तुंबला की डब्यातलं पाणी चढतं. खाच असेल तर ते टाकीत पडतं, नसेल तर फरशीवर, आणि रात्रीतून निम्मी टाकी रिकामी होते.

पाणी वर नेण्यासाठी ठिबक सिंचनाची साधी काळी नळी वापरा. शेतीच्या कुठल्याही दुकानात ती मिळते, तिचे जोड आणि टोप्याही मिळतात, आणि काळी असल्यामुळे आत शेवाळ धरत नाही. डब्यात येणाऱ्या नळीचं टोक बंद करून तिला ओळीने भोकं पाडली की पाणी सगळीकडे सारखं पसरतं. एकाच जागी धार पडली तर पाणी तिथूनच वाट काढतं आणि बाकीच्या खापऱ्या कोरड्या राहतात.

भरायचं काय? सगळ्यात वर जाड स्पंज, तो गाळ अडवतो. त्याखाली फुटलेल्या मडक्याच्या, रंग न दिलेल्या खापऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या करून, धुऊन, उकळून घेतलेल्या. चांगल्या भाजलेल्या विटेचे तुकडेही चालतात. कच्च्या विटेचा चिखल होतो. तुकडे लहान का करायचे, हेही बघा. दहा सेंटिमीटरचा घनाकृती ठोकळा घेतला तर त्याला ६०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच एक-एक सेंटिमीटरचे हजार ठोकळे केले की ६,००० होतो. माती भाजताना राहिलेली बारीक छिद्रं ही आणखी वेगळी जागा. मात्र भुकटी नको. वाट बंद होते, पाणी थांबतं आणि प्राणवायू पोचत नाही.

शेतातले पांढरे चुनखडीचे खडे डब्यात किंवा टाकीत घालू नका. आपलं पाणी आधीच जड आहे. शंका असेल तर खड्यावर लिंबू पिळा, फेस आला तर तो चुनखडीचा.

डब्याच्या एका कोपऱ्यात मनीप्लँटच्या फांद्या रोवून मुळं ओल्यात सोडली तर ती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही ओढून घेतात. पानं बाहेरच ठेवावीत, ती माशांनी खाण्याजोगी नसतात.

*चौकट: ५४ लिटरच्या टाकीसाठी मापं*
*पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरावं, म्हणजे सुमारे २५० लिटर. उंचीवर चढवताना पंपाचा जोर घटतो, म्हणून ताशी ४०० ते ५०० लिटर लिहिलेला पाण्यात बुडणारा पंप घ्यावा. प्रत्यक्ष प्रवाह बाटलीने मोजावा: एक लिटर भरायला १४ ते १५ सेकंद लागले तर हिशेब जमला. खापऱ्या दीड-दोन लिटर, वर चार-पाच सेंटिमीटर जाडीचा स्पंज. वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली पडतं. घराला गळती-प्रवाह तोडणारा स्विच असावा आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावा.*

जुन्या कूलरचा पंप घरात पडलेला असतो, तोच लावण्याचा मोह होतो. लावू नका. एवढ्या टाकीला त्याची धार फार जोरकस, आणि उन्हाळाभर क्षारात चाललेल्या जुन्या पंपाच्या वायरीवर भरवसा ठेवता येत नाही.

जोडीला एअर पंपावर चालणारा एक छोटा स्पंज फिल्टर ठेवावा. नळीत बुडबुडे सोडले की आतला हवा-पाण्याचा स्तंभ हलका होतो, बाहेरचं जड पाणी त्याला वर ढकलतं आणि स्पंजमधून पाणी ओढलं जातं. याला दोन ते पाच वॅट पुरतात, म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालतो. एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा किंवा नळीत उलट प्रवाह रोखणारा वॉल्व घाला. नाही तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

कुठलं पाणी भरायचं?

घरात तीन प्रकारचं पाणी असतं: बोअरचं, नळाचं किंवा टँकरचं, आणि प्यायला आणलेल्या आरओच्या जारचं. माशांसाठी सगळ्यात शुद्ध म्हणून पुष्कळ जण जारचं पाणी भरतात आणि तिथे फसतात. जिवाणू अमोनिया संपवताना आम्ल तयार करतात. एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे पाण्यातली सुमारे सात मिलिग्रॅम विम्लता खर्ची पडते. आपल्या टाकीचा रोजचा ०.६ मिलिग्रॅम धरला तर रोज चार मिलिग्रॅमहून जास्त. आरओच्या पाण्यात लिटरमागे वीसच मिलिग्रॅम असेल तर पाचव्या दिवशी शिल्लक संपते, सामू कोसळतो, जिवाणूंचं काम थांबतं. बोअरच्या पाण्यात ३०० असेल तर दोन महिन्यांहून जास्त पुरते. म्हणजे अमोनियाला अधिक विषारी करणारं हेच जड पाणी फिल्टरला मात्र टिकवून धरतं. फिल्टर एकदा लागला की अमोनिया साठतच नाही, आणि मग जड पाणी गैरसोयीचं राहत नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना तर तेच मानवतं. निऑन टेट्रा, डिस्कस हे मऊ पाण्यातले मासे. ते इथे आणण्याचा आग्रह धरू नये.

बोअरचं पाणी भरण्याआधी त्यातलं नायट्रेट मात्र तपासा. मराठवाड्यात अनेक ठिकाणी भूजलात ते पिण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर आढळतं. आधीच एवढं असलेल्या पाण्याने टाकीतलं नायट्रेट कमी करता येणार नाही. तिथे आरओचं पाणी निम्मं मिसळावं. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते पसरट टबात दिवसभर उघडं ठेवा, एअर स्टोन सोडला तर आणखी बरं.

पहिला महिना

फिल्टर चालू केला म्हणजे लगेच मासे सोडायचे नाहीत. पाण्यात चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्या. आठवड्याने अमोनिया चढेल, मग उतरेल. त्याच्या मागोमाग नायट्राइट चढेल आणि उतरेल. तपासणीच्या थेंबांची किंवा पट्ट्यांची एक पेटी विकत घेण्यावर खर्च करावा, शोभेच्या कारंज्यावर करू नये. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की फिल्टर लागला. तेव्हाही दोन-तीनच मासे सोडा आणि आठवडा थांबून पुढचे. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाएवढीच असते. एकदम दहा मासे आले तर ते कमी पडतात.

मासे आधीच टाकीत असतील आणि नायट्राइट चढलं, तर दहा लिटरला एक ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांवरची वाट अडवून नायट्राइटला आत शिरू देत नाही. तेवढ्या दिवसांत खाद्य बंदच ठेवा. मोठे मासे आठवडाभर सहज उपाशी राहतात.

बदलायचं पाणी, भर घालायचं पाणी

फिल्टर नायट्रेटपर्यंत आणून सोडतो, पुढे नाही. आपल्या टाकीत ते आठवड्याला लिटरमागे १८ मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. दर आठवड्याला पाव पाणी बदललं तरी ते हळूहळू सत्तरच्या पुढे जाऊन स्थिरावेल. खाद्य अर्ध्या ग्रॅमवर आणलं तर तेवढ्याच पाण्यात ते पस्तीसच्या आसपास राहील, मनीप्लँट जोमात असेल तर त्याहून खाली. पाणीटंचाईच्या गावात माशांना मोजून खाऊ घालणं हाच पाणी वाचवण्याचा पहिला मार्ग आहे. दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाकावं.

काढलेल्या तेरा-चौदा लिटर पाण्यातच आधी स्पंज पिळून घ्या. गाळ जातो आणि जिवाणू राहतात. खापऱ्यांना हात लावू नका, अगदीच गाळ बसला तर दोन-तीन महिन्यांनी त्याच पाण्यात एकदा हलकेच विसळा, त्याही निम्म्याच. ते गढूळ पाणी मोरीत ओतू नये. त्यात नायट्रेट आणि स्फुरद असतं, तुळस, कढीपत्ता आणि गॅलरीतल्या कुंड्यांना ते खत म्हणून जातं.

आणि उन्हाळ्यात एक काळजी. अशा उघड्या फिल्टरमधून मे महिन्यात रोज अर्धा ते एक लिटर पाणी उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. ही तूट बोअरच्या पाण्याने भरत गेलं आणि त्याचा जडपणा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असला, तर महिन्याला वीस लिटर भर म्हणजे टाकीत दहा ग्रॅम जादा क्षार, लिटरमागे १८५ मिलिग्रॅमची वाढ. म्हणून बदलायचं पाणी बोअरचं घ्या, पण उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला. जून लागल्यावर पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यावेत आणि पुढच्या पावसाचं पाणी झाकण असलेल्या पिंपात धरावं. दोनशे लिटरचं एक पिंप या टाकीला सहा-सात महिने भर घालायला पुरतं.